पुलावरची खुंटी

गणपतराव पहिल्यांदा पंचगंगेत उतरले तेव्हा नदी दोन पायऱ्या वर चढली. धुणं धुणाऱ्या बायकांच्या बादल्या तरंगत निघाल्या, म्हशी स्वतःहून बाहेर आल्या, आणि ती लाट खाली नृसिंहवाडीला पोचताच, पुराचं पाणी देवाच्या पादुकांवरून वाहतं तेव्हा होणारा दक्षिणद्वार सोहळा पुजाऱ्यांनी भर एप्रिलात जाहीर करून टाकला. असं निदान भाऊसो तरी पुढं कित्येक वर्षं सांगत होते.

भाऊसो म्हणजे सायकलच्या तारेसारखा माणूस. दिवसा सायकली दुरुस्त करायचे आणि पहाटे घाटावर पोरांना पोहायला शिकवायचे. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या ब्याण्णव किलोंकडं त्यांनी नीट बघून घेतलं.

"पावणं, आंघोळीला आलाय का घाट बुडवायला?"

"पोहायला शिकायचंय."

"वय काय?"

"अठ्ठावन्न. यंदाच रिटायर झालोय."

"मग इतकी वर्सं नदीला पाणी नव्हतं व्हय?"

पोरांच्या पाठीला एक रिकामा डबा बांधला की भागायचं. गणपतरावांना तेलाचे दोन मोठे बांधले, तरीही ते हळूहळू खालीच चालले. शेवटी भाऊसोंनी खालून हनुवटी धरली आणि काठावरची पोरं पोट धरून हसली.

हा उद्योग गणपतराव हौस म्हणून करत नव्हते. पतपेढीची नोकरी संपली आणि त्यांच्या पायांना जणू मुंग्या लागल्या. बसले की उठत, उठले की दारापर्यंत जात, दारातून परत येऊन चालू घड्याळाला किल्ली देत. "अहो, जरा एका जागी बसा की! भोवरा सोडल्यासारखं काय चाललंय?" असं म्हणून म्हणून कालिंदीबाई थकल्या. रक्तात साखर निघाली, तेव्हा डॉक्टरांनी रंकाळ्यावर चालायला सांगितलं. गणपतराव इमानानं चालत आणि येताना इमानानं मिसळ खात. साखर जागची हलली नाही.

पण खरी तगमग पायांत नव्हती, ती एका नावात होती. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीचा जुना रिवाज असा, की पूर आला की पोरांनी शिवाजी पुलावरून नदीत उडी घ्यायची. गणपतरावांचा बालमित्र आण्णा सगळ्यांत पुढं. गणपा मात्र पुलावर उभा राहायचा, दोन्ही खांद्यांवर आणि गळ्यात सगळ्यांचे कपडे घेऊन. आण्णानं त्याचं नाव ठेवलं 'खुंटी'. गणपाचे गणपतराव झाले, डोक्याला टक्कल पडलं, पोरीचं लग्न झालं, तरी चौकातून हाक यायची ती "काय खुंटे, चहा?" अशीच. मरायच्या आधी एकदा उडी मारायची आणि हे नाव नदीत सोडून यायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिल्या वर्षी एक डबा सुटला. दुसऱ्या वर्षी दुसराही सुटला आणि त्या दिवशी घाटाच्या रिवाजाप्रमाणं गणपतरावांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. स्वतः एकच खाल्ली, हे कालिंदीबाईंना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. पण पँटी ढिल्या झाल्या होत्या, साखर उतरली होती आणि जिना चढताना आता धाप लागत नव्हती. डॉक्टर खूश होते. गणपतराव मात्र आभाळाकडं बघत होते.

सत्त्याण्णवच्या श्रावणात पाणी चढायला लागलं. गणपतराव दिवसातून चारदा नदी बघून येत. जेवताना मध्येच उठून खिडकीत जात.

"पाऊस थांबला वाटतं," कालिंदीबाई म्हणाल्या, की दचकत. "थांबला नाही," म्हणाल्या, तरी दचकत.

रविवारी अख्खी गल्ली पुलावर आली. भाऊसो आधीच खाली पाण्यात होते. आण्णा रिक्षातून उतरला. गुडघे गेलेले, हातात काठी, पोट पुढं. पाण्यात उतरून त्याला पंचवीस वर्षं झाली होती.

"खुंटे, तू उडी मारणार म्हणं? मग आमची कापडं कुणी धरायची रं?"

सगळे हसले. गणपतरावांनी सदरा काढला, पँट काढली, घड्याळ आणि चष्मा काढला आणि हातात घेऊन इकडंतिकडं बघू लागले. कठडा ओला, रस्ता ओला. ठेवणार कुठं? तेव्हा आण्णाचेच हात पुढं आले.

"दे हिकडं."

कपडे खांद्यावर टाकून आण्णा जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "गणपा, पाय जुळवून मार. न्हायतर पोट आपटंल."

गणपतरावांनी डोळे मिटले आणि उडी मारली. पोट आपटलंच. तो आवाज पन्हाळ्यापर्यंत गेला असं भाऊसो म्हणत. पण गणपतराव वर आले, हात मारत राहिले आणि खालच्या अंगाला उसाच्या फडाशी काठाला लागले.

तिथून चड्डीवर चिखल तुडवत ते पुलावर परतले, तोवर गर्दी पांगली होती. आण्णा एकटाच उभा होता. कपडे छत्रीखाली कोरडे आणि तो स्वतः नखशिखांत भिजलेला.

"एवढा येळ? पाय मोडलं माझं." मग नदीकडं बघत, "पाणी गार हाय का रं?"

"ये की बघायला."

पूर ओसरल्यावर आण्णाही घाटावर आला. भाऊसोंनी त्याला, गुडघ्यांचा मान राखून, तीन डबे बांधले. दोघं म्हातारे रोज पहाटे पोहले, रोज भांडले, आणि आण्णाची काठी हळूहळू घरच्या कोपऱ्यात जाऊन पडली.

२००९ साली, बहात्तराव्या वर्षी, गणपतराव झोपेत गेले. गल्लीनं चौकात श्रद्धांजलीचा मोठा फलक लावला. मजकूर आण्णानं सांगितला होता. नाव छापलं होतं, 'कै. गणपतराव ऊर्फ खुंटी'.