काकीने घासलेला राजा

मला जुन्या नाण्यांतलं कळतं, असा माझा समज होता. ओरोसच्या कचेरीत जन्मभर फायली हलवून रिटायर झालेल्या माणसाला असा एखादा समज लागतोच.

देवबागला माझे चुलते मासेमारी करायचे. तरुणपणी त्यांच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या लांबलचक जाळ्यात, शिंपल्यांच्या ढेपळाला चिकटून एक काळपट चकती आली. शर्टाच्या बटणाहून जराशी मोठी. काका म्हणाले, हे परमुलखातल्या राजाचं नाणं. झालं! "राजा इलो रे!" म्हणून वाडीने त्यांना चिडवलं ते काका जाईपर्यंत. नाणं देव्हाऱ्यात राहिलं. गेल्या वर्षी काकी मला म्हणाली, "तुका कळता मा नाण्यांतला? माजे डोळे मिटूच्या आदी सांग, हे खरा बोलत होते की थापो मारीत होते."

मी मोबाईलवर फोटो काढून कोल्हापूरच्या एका नाणेतज्ज्ञ बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: ब्राँझचं आहे, रोमन वाटतंय, राजाचा चेहरा दिसतो, पण भोवतालची अक्षरं धूसर आहेत. ती वाचली की राजाचं नाव कळेल, मी बघायला येते. खाली आणखी एक ओळ होती, पण तेवढा दम मला कुठला! मी लगेच फोन लावला. "काकी, अक्षरां दिसनत नाय. बाई येतत, जरा घासून ठेव."

आमच्याकडे पाहुणे यायचे म्हटल्यावर देवाची भांडी कशी घासतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. काकीने कोकमाची सोलं आणि राख घेऊन तीन दिवस नाणं घासलं. बाई आल्या तेव्हा ते निरांजनासारखं लखलखत होतं. चेहरा नव्हता. अक्षरं नव्हती.

बाईंनी आधी नाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घासू नका, असं लिहिलं होतं मी खाली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकी चहा करायला आत गेली होती, ही देवाची कृपा.

बाई नाणं घेऊन अंगणात उन्हात गेल्या आणि भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या. "मागच्या बाजूला भाला धरलेला शिपाई थोडा उरलाय. रोमनच आहे, शंका नाही. राजा कोण, ते मात्र आता कोणीच सांगू शकणार नाही."

काकी कप घेऊन मागे उभी होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं, घासण्याचा भाग सोडून.

"म्हणजे परमुलखातला?"

"होय."

"राजाचा?"

"होय गो. नाव तेवढा कळना नाय."

"नावाचा काय करूचा हा!"

आता ही शेजारणींना हाका मारणार, असं मला वाटलं. तिने कप खाली ठेवले आणि पायरीवर बसली.

"गाव हसलो तो हसलो," ती म्हणाली. "मियां पण हसलंय रे हेंका. जल्मभर."