नॉर्मनच्या गाडीचं इंजिन

नॉर्मन थ्वेट उन्हाळ्यात आइस्क्रीमवाला असतो आणि हिवाळ्यात नुसता बेरिलचा नवरा. हे त्याचंच म्हणणं. बेरिलचं म्हणणं, हिवाळ्याचं त्याने फार वाढवून सांगू नये. ईस्टर उलटला की ऑटरडेल या इंग्लंडमधल्या गावी बागेच्या फाटकाशी त्याची फिकट निळी गाडी येऊन उभी राहते, ती थेट लोकांचे जाड कोट कपाटातून बाहेर पडेपर्यंत. मधल्या काळात पाऊस पडतो, वारा सुटतो, पण त्याची दखल ना नॉर्मन घेत ना गिऱ्हाईक. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कोन धरून लोक "आज तसं बरं आहे" म्हणत उभे असतात.

गाडी जुनी, डिझेलची. मऊ आइस्क्रीमचं यंत्र तिच्याच इंजिनावर चालत असल्यामुळे गाडी तसूभर हलली नाही तरी इंजिन दिवसभर धडधडत असायचं. खिडकीत उभ्या असलेल्या नॉर्मनला त्यामुळे समोरच्याचं बोलणं ऐकूच यायचं नाही. पण बोटांवरून किती कोन ते कळायचं, आणि बाकीच्या बोलण्यावर त्याचं एक ठरलेलं उत्तर होतं: "अगदी बरोबर बोललात." एवढ्या भांडवलावर तो गावातला सर्वांत समजूतदार माणूस ठरला होता. निवडणुकीत दोन्ही पक्ष त्याला आपला धरत.

त्याचा खरा अभिमान म्हणजे कोनावरचे मऊ आइस्क्रीमचे वेढे. एकावर एक चढत जाणारे, वर चोच काढलेले, आणि बाजूला तिरकी खोचलेली चॉकलेटची कांडी. वडिलांच्या काळी डब्यातून गोळे काढून देत. गोळा काय, कोणीही काढतो, असं नॉर्मन म्हणायचा. वेढ्याला कसलेला हात लागतो.

यंदा कौन्सिलने नियम काढला. बागेसमोर आणि पलीकडच्या शाळेसमोर उभ्या असलेल्या गाड्यांनी विनाकारण इंजिन चालू ठेवायचं नाही. खोकणाऱ्या मुलाचं चित्र असलेल्या पाट्या लागल्या, आणि अंमलबजावणीला कौन्सिलने नेमलेली गावातलीच ग्लेनिस पिकर्सगिल आली. नियम असा की तिने आधी विनंती करायची, आणि ऐकलं नाही तरच दंड. आता ऑटरडेलमध्ये तोंडावर नाही म्हणणं हे दंडापेक्षा भारी पडतं. मुलांना न्यायला आलेल्या आया माफी मागून इंजिन बंद करायच्या, त्रास दिल्याबद्दल ग्लेनिस उलट माफी मागायची, आणि ती कोपऱ्यावर वळली की इंजिनं पुन्हा सुरू. दंड झाला नाही कोणालाच, माफी मात्र रस्ताभर सांडलेली.

नॉर्मनला नियम पसंत होता. नियम मोटारींसाठी आहे अशी त्याची पक्की समजूत होती. त्यामुळे ग्लेनिस खिडकीशी आली तेव्हा त्याने कोनच भरायला घेतला. तिने हातानेच इंजिन बंद करायची खूण केली. त्याने बंद केलं.

"नॉर्मन, हे तुम्हालाही लागू आहे."

"मला? अगं पोरी, लहानपणी दात पडलेल्या तोंडाने तू याच खिडकीशी यायचीस. मला कोणी विचारलं तरी का?"

ग्लेनिस चुळबुळली. लम्लीबाईंनी विचारलं होतं, म्हणाली. कौन्सिलच्या लम्लीबाई वसंतात खिडकीशी येऊन बराच वेळ सगळं समजावून गेल्या होत्या. नॉर्मनने त्यांना मनापासून पाठिंबा दिला होता. इतकंच नव्हे, अगदी बरोबर बोललात, असं म्हणाला होता.

ज्या इंजिनासाठी भांडायचं, तेच नॉर्मनला फितूर झालं होतं.

तडजोड निघाली. समोर गिऱ्हाईक असेल तर इंजिन विनाकारण नाही, नसेल तर बंद. पण यंत्र एकदा थांबलं की आइस्क्रीम पुन्हा गोठायला वेळ लागतो. दोनदा थांबलं की दिवस बुडाला. असं चाललं तर फाटकावरची जागा सोडावी लागेल, हे त्याने बेरिललासुद्धा सांगितलं नाही. अर्थात बेरिलला ते कळलंच, आणि बेरिलला कळलं म्हणजे गावाला कळलं.

तेव्हापासून रांग कधी संपेना. नॉर्मन खुशीत. पण एका भुरभुर पावसाच्या दुपारी त्याच्या लक्षात आलं की रांग आहे, पण ती पुढे सरकत नाही. खिडकीपाशी पोचलेला माणूस मागच्याला "आधी तुम्ही" म्हणायचा, मागचा "छे, छे, तुम्हीच", आणि दोघंही पुन्हा शेपटाला जाऊन उभे राहायचे. सगळ्यात पुढे निवृत्त पोस्टमन सेड्रिक होता. नॉर्मनने इंजिन बंद केलं.

"सेड्रिक, खरं सांग. तुला आइस्क्रीम हवंय?"

"डॉक्टरने बंद केलंय रे."

"मग इथे काय करतोयस?"

"रांगेत उभं राहणं काही बंद केलेलं नाही."

नॉर्मनच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. साऱ्या गावाने आपल्यासाठी भिजत उभं राहावं? आपण कोणाच्या अडचणीला कारण व्हावं, याहून मोठी नामुष्की त्याच्या घराण्यात झालेली नव्हती. त्याने खाली वाकून शीतपेटी उघडली. ती घरी रात्रभर विजेवर गार होते, तिला इंजिन लागत नाही. गोळ्याच्या आइस्क्रीमचा डबा वर काढला, आणि आजपासून उन्हाची खरी गर्दी सोडली तर गोळेच मिळतील, ज्याला नको असेल त्याने खुशाल घरी जावं, असं सांगून टाकलं.

कोणी हललं नाही. आधी कोणी निघायचं, हा प्रश्न होता. सेड्रिक छत्रीच्या दांड्याकडे बघू लागला. त्या शांततेत नॉर्मनला पावसाचे थेंब गाडीच्या टपावर पडताना ऐकू आले, आणि रांगेतलं कोणीतरी हळूच म्हणालेलं "बिचारा"ही ऐकू आलं.

शेवटी कामाचा गणवेश घातलेली ग्लेनिसच पुढे झाली आणि एक मागितला. नॉर्मनने गोळा काढला. तो एका अंगाला कलला. दाबून बसवला तर दुसऱ्या अंगाला कलला. ग्लेनिसने तो तसाच घेतला आणि तिथेच उभं राहून खाल्ला. सगळी रांग बघत होती.

"कसा आहे?" नॉर्मनने विचारलं. "खरं सांग हं पोरी. आता मला ऐकू येतं."

ग्लेनिसने एकदा रांगेकडे पाहिलं. "वेढ्यांचं जास्त छान लागायचं."

"माझंही तेच मत आहे," नॉर्मन म्हणाला, आणि पुढच्याला विचारलं, "एक की दोन?"