सैल कांड्या

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या जन्मात कोणाशी, कशाचीही तडजोड केली नाही. सोलापुरात वकिली करणाऱ्या माणसाने असं वागून कसं चालेल? मी एकदा सांगून पाहिलं, तर "जावईबापू, तुम्ही जेवा," एवढंच उत्तर मिळालं. पक्षकाराने तडजोडीचं नाव काढलं की मामा त्याचे कागद त्याच्या हातात ठेवून दार दाखवत. बाजारातही तीच तऱ्हा. मंद्रूपच्या एका बाईने मेथीच्या जुडीत आत शिळी पानं दडवली, म्हणून मामा भर उन्हात तिच्याशी हुज्जत घालत उभे. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "न्या की ओ फुकट, पर जावा आता!" मामा आणखीच भडकले. त्यांना फुकट भाजी नको होती, तिने चूक कबूल करायला हवी होती. ती कसली कबूल करते! आम्ही त्या दिवशी पिठलं खाल्लं. टांगेवाले तर मामांना लांबून पाहूनच घोडा वळवत. साक्षीदाराला पढवायचं नाही, हेही त्यांचं एक व्रत. "खरं बोलायला तालीम कशाला लागते?" म्हणायचे. आम्ही सगळे हसायचो. राजय्याचं प्रकरण होईपर्यंत हसायचो.

राजय्या हा साखरपेठेतला तेलुगू विणकर, गिरणीत मागावर होता. खंडेनवमीला गिरणीत मागांची पूजा होते, मालक नारळ फोडतात आणि इंजिन सुरू होतं. त्या वर्षी राजय्याच्या मागावरचा झेंडूचा हार घसरला. "मालक आले, हार नीट कर!" जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, ओरडला. राजय्याने हात घातला आणि तेवढ्यात इंजिन सुरू होऊन मागाचा पट्टा फिरला. उजव्या हाताची बोटं गेली.

कामावर जखमी झालेल्या मजुराला मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा तेव्हा नवाच आला होता. मामांना कोण आनंद! त्यांनी आपणहून राजय्याला गाठून अर्ज करायला लावला. गिरणीने जॉबरकडून निरोप धाडला, अर्ज मागे घे, फाटकावर पहारेकरी म्हणून बसवतो. राजय्या तयार होता. त्याची बायको नरसम्मा तर त्याच्याही आधी तयार होती. मामा कडाडले, "हक्काचं आहे ते! भीक कसली मागतोस?" एवढा शिकलेला माणूस एवढ्या जोरात बोलतोय म्हटल्यावर त्या बिचाऱ्याने मान डोलावली.

सुनावणीला मी हजर होतो. घरच्या गणपतीपुढे कधी हात न जोडलेले मामा, पूजा हे गिरणीचंच काम कसं, ते असं काही रंगून सांगत होते की भरपाईचे दावे ऐकणारे कमिशनरसाहेबसुद्धा लेखणी खाली ठेवून ऐकू लागले. हार गिरणीचा, वेळ गिरणीची, हुकूम जॉबरचा! मग गिरणीचा वकील उठला. मेल्याचा आवाज मात्र गोड.

"राजय्या, जॉबर बोलला नसता तर लक्ष्मीचा हार तसाच लोंबत ठेवला असतास?"

राजय्या दुखावला. "असं कसं, साहेब? माग म्हंजे लक्ष्मी हाय माझी. तिला हार घालायला हुकूम कशाला लागतो? मी माझ्या मनानं करतो, दरसाल."

"म्हणजे जॉबरच्या सांगण्यावरून नाही केलंस?"

"जॉबर ओरडला. पण मी त्याच्यासाठी न्हाय केलं."

झालं! भक्ती ज्याची त्याची खासगी, तिचा कामाशी संबंध नाही, म्हणून अर्ज फेटाळला. फाटकावरची जागाही तोवर दुसऱ्याला दिली होती. वर अपील करायचं तर मुंबई, आणि तिथवर जायचं राजय्याने कशाच्या जोरावर? जॉबर बाहेर निवांत विडी ओढत उभा होता, त्याला खोटं बोलायचीही गरज पडली नाही. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू! आणि त्याच निर्लज्ज गिरणीने पुढच्या खंडेनवमीला पूजेला गैरहजर राहणाऱ्यांना दंड लावला.

नरसम्माने घरी हातमाग टाकला, आणि दर रविवारी मामा तिच्याकडे जाऊन रहाटावर कांड्या भरू लागले. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. ती घट्ट भरावी लागते. एकदा मी त्यांना जेवायला बोलवायला गेलो. मामा हात धुवायला मागे गेले होते. नरसम्माने हळूच टोपली पुढे केली.

"सगळ्या सैल. सूत तुटतं. ते गेले की मी उकलते, परत भरते."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"नका हो सांगू," ती घाबरून म्हणाली. "कांड्या भरताना ह्यांच्याशी बोलत बसतात. दुसरं कोण येतंय आता हितं?"

दारात बसलेला राजय्या ऐकत होता. मामा हात पुसत आले आणि टोपलीकडे बघत, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आजच्या कशा झाल्या गं?"

नरसम्माच्या आधी राजय्याच म्हणाला, "चांगल्या झाल्या, वकीलसाहेब. लई चांगल्या."