मागून ओळ देणारी

यंत्राला नीट विचारलं की ते नीट देतं, असं प्रशिक्षणातल्या सरांनी सांगितलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. माझ्यासारख्या खाष्ट बाईने इतक्या लवकर विश्वास ठेवायला नको होता. पण गरजवंताला अक्कल नसते.

मोबाईलवरचं एआय शिकवायला उमरखेडला तालुक्यातल्या आम्हा शिक्षकांना एका सभागृहात कोंबलं होतं. सरांनी फळ्यावर चार शब्द लिहिले: भूमिका, संदर्भ, काम, नमुना. यंत्राला आधी तू कोण आहेस ते सांगायचं, मग प्रसंग सांगायचा, मग काय हवं ते, आणि शेवटी तसलंच काहीतरी नमुन्यादाखल द्यायचं. नमुना चांगला असला की काम फत्ते, म्हणाले. या सगळ्याला प्रॉम्प्ट म्हणतात. माझ्या शेजारच्या मास्तरांनी 'फ्रंट' लिहून घेतलं. मी म्हटलं, "अहो मास्तर, नाटकात विंगेतून वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर असते ना, त्यातला प्रॉम्प्ट हाय हा."

"मंग इथं नट कोन अन् विंगेत कोन?" मास्तरांनी विचारलं. सगळे हसले, मीही हसले.

बाकीचे लगेच प्रश्नपत्रिका काढायच्या मागे लागले. माझ्या डोक्यात मात्र लेकीचा ढावलो होता.

आम्ही गोर, म्हणजे बंजारा. आमच्यात नवरी सासरी निघाली की ढावलो करते. ढावलो म्हणजे गाऊन रडणं किंवा रडत गाणं, दोन्ही वेगळं काढता येत नाही. नवरी एकेकाच्या गळ्यात पडते आणि त्या माणसासाठी गोर बोलीत ओळीमागून ओळ लावते. आईसाठी वेगळी, भावासाठी वेगळी. ती अडली की पाठीशी उभी असलेली एखादी म्हातारी पुढची ओळ तिच्या कानात घालते. नवरी ती उचलते आणि पुढे जाते.

माझ्या लग्नात मी नुसतीच रडले. वडील यवतमाळला सरकारी कचेरीत होते. पोरं साहेब व्हावीत म्हणून त्यांनी घरात मराठीच ठेवली. आई आम्हाला मराठीत रागवायची आणि माहेरचं कोणी आलं की गोर बोलीत हसायची. आम्ही काही साहेब झालो नाही, मास्तर झालो. बोली मात्र गेली ती गेलीच. मला 'याडी' म्हणजे आई, हे कळतं. जेव, बस, पाणी आण, एवढं कळतं. आई आता नाही, त्यामुळे तेही कोणी म्हणत नाही.

लेक पुण्यात नोकरीला आहे. तिथे ती 'मला' म्हणते, पण हट्टाला पेटली की 'मले' बाहेर येतं. लग्न ठरल्यावर फोनवर म्हणाली, "मम्मी, मले डीजेच्या गाण्यावर नाही रडायचं. मले आपला खरा ढावलो पाहिजे. बाकीच्यांचं राहू दे, तुझ्यासाठीच्या ओळी तरी शिकव."

तिने आयुष्यात माझ्याकडे जे जे मागितलं ते मी ओरडून का होईना, दिलं. हे कुठून देणार होते?

म्हणून मी मोबाईल घेऊन बसले. पहिल्यांदा साधंच विचारलं, गोर बोलीत ढावलो लिहून दे. यंत्र म्हणालं, नक्कीच! आणि त्याने एक आनंदाचं मंगलगीत दिलं, तोरण, चौघडा, सगळं. ढावलो हे त्याला बहुतेक मराठीतले लग्नाचे धवळे वाटले. मग मी सरांच्या पद्धतीने गेले. तू सत्तर वर्षांची गोर बाई आहेस, महागावजवळच्या तांड्यात राहतेस, तुझ्यापुढे नवरी निघाली आहे. ते लगेच सत्तर वर्षांचं झालं. मला 'बेटी' म्हणालं आणि 'म्हारी मायड' लिहून मोकळं झालं. अरे, आम्ही 'मारी याडी' म्हणतो! ते मी सुधारून दिलं. त्याने क्षमा मागितली. इतकी नम्र क्षमा माझ्या वर्गातल्या एकाही पोराने कधी मागितलेली नाही. मग त्याने 'मारी याडी' घालून पुन्हा तेच दिलं, अंगण, चिमणी आणि उघडा पिंजरा. आमच्या तांड्यात चिमण्या कोणी पिंजऱ्यात ठेवत नाही.

मी संदर्भ वाढवत गेले. रागावून लिहिलं, गोडीत लिहिलं. प्रत्येक वेळी ते नक्कीच म्हणायचं आणि प्रत्येक वेळी खोटंच निघायचं. शेवटी मी लिहिलं, असं नसतं ते. त्यावर त्याने विचारलं, कसं असतं? कृपया एखादा नमुना द्या.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि यात आड मी होते. ढावलो मागायचा तर आधी तो माझ्याजवळ असायला हवा होता, आणि असता तर मी मागितला कशाला असता? मला त्या सरांचा संताप आला. खरं म्हणजे त्यांचा काही दोष नव्हता.

मग नमुना आणायला मी एसटीने आत्याकडे गेले. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, महागावच्या पुढच्या तांड्यात राहते. तांड्यातल्या बाया सांगतात की हिच्यासारखी मागून ओळ देणारी आता कोणी उरली नाही. सुनांशी ती गोर बोलीत बोलते आणि माझ्याशी वऱ्हाडीत, बाजारातल्या दुकानदाराशी बोलावं तशी. मी मोबाईल तिच्यापुढे ठेवला आणि ढावलो म्हणायला सांगितलं.

"घरातून कोनी चाललं काय?" तिने विचारलं.

"नाही आत्या. नुसतं म्हणून दाखव."

"मंग कोनाले रडू? रिकामा ढावलो केला तं घरातलं मानूस जाते."

"गाऊ नको मग. दोन ओळी सांग नुसत्या, मी लिहून घेतो."

"सांगाची गोष्ट हाय काय ते? पोरगी निघाली का येते तोंडात." तिने मोबाईल माझ्याकडे सरकवला. "तू कायले फिकर करतं? लग्नाले येतो ना मी. तिच्या मांगं उभी राहतो."

परतीच्या गाडीत मला चक्क हलकं वाटत होतं. लेकीला कळवलं, तर ती फोनवर ओरडलीच आनंदाने. यंत्र गेलं खड्ड्यात, असं मी मनात म्हटलं.

लग्न उमरखेडच्या मंगल कार्यालयात झालं. नवरदेवाकडची मंडळी नेरची, त्यांना लांब जायचं होतं, त्यामुळे घाई. मी स्वतः जाऊन डीजे बंद करायला लावला. लेक माझ्या गळ्यात पडली. आत्या तिच्या मागे येऊन उभी राहिली, पाठीवर हात ठेवला आणि ओळ दिली. बेंबीच्या देठापासून आलेला, लांबच लांब ओढलेला सूर होता तो. 

लेकीने पहिला शब्द उचलला, "याडी..." आणि ती थांबली.

"आजी, परत सांग ना."

आत्याने परत ओळ दिली. शब्द जुने, सुरात ताणलेले आणि रडण्यात भिजलेले. लेकीने तोंड उघडलं, मिटलं. माझ्या कानाशी कुजबुजली, "मम्मी, काय म्हणून राह्यली ती? सांग ना. मी म्हणतो, तू फक्त सांग."

ओळ माझ्यासाठी होती. आईसाठीची होती ती. मी जिवाचा कान करून ऐकलं आणि तिला म्हटलं, "नाही समजत गं मले."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग नुसतं "याडी, याडी" म्हणत ती रडत राहिली. सुरू झालेला ढावलो मध्येच सोडत नाहीत, म्हणून आत्या एकटीच शेवटपर्यंत म्हणत राहिली. गाडीवाल्याने हॉर्न दिला. लेक गेली.

कोणीतरी मोबाईलवर ते सगळं घेतलं होतं. मी ते घेऊन तांड्यात गेले, म्हटलं आता तरी अर्थ सांग. आत्याने पहिला सूर ऐकताच मोबाईल पालथा घातला. "बंद कर. आता कोन चाललं?"

मग घरी येऊन मी यंत्रापुढे बसले. भूमिका लिहिली, संदर्भ लिहिला, काम लिहिलं. या वेळी नमुनाही होता माझ्याजवळ, अस्सल. तो जोडला आणि यातले शब्द लिहून दे म्हणाले.

त्याने उत्तर दिलं, या ध्वनिमुद्रणात स्पष्ट शब्द आढळले नाहीत, फक्त रडण्याचा आवाज आहे.

असं नसतं ते, हे लिहायला मी बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. लेक गळ्यात होती तेव्हा मलाही तेवढंच ऐकू आलं होतं.