कळ्या बांधायची मंजुरी

ज्या कचेरीत कामापेक्षा मंजुरीची वाट पाहण्यातच दिवस जातो, तिथं किस्से आपोआप साठतात. निजामाच्या अमलात परभणीजवळच्या सरकारी कापूस-शेतावर मी मदतनीस होतो. आमच्याकडे दुसरं काही वेळेवर यायचं नाही, किस्से मात्र रोज ताजे!

*

आमचे काझीसाहेब गावरान कापसातून लांब तंतूचं एक वाण तयार करत होते. कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी तिचं तोंड धाग्यानं बांधायचं, मग भुंगा आत शिरत नाही आणि बी शुद्ध राहतं. एक हंगाम जरी कळ्या मोकळ्या राहिल्या तरी भेसळ होऊन इतक्या वर्षांचं काम पाण्यात!

त्यातच नवा कायदा आला. संशोधनाचा खर्च यापुढे हैदराबादला विद्यापीठाची मजलिस मंजूर करणार! मजलिशीत वकील होते, शायर होते, पण कापसाचं फूल पाहिलेला कोणी नव्हता. आम्ही धाग्याची रिळं मागितली. उलट सवाल आला, "शिवणकाम संशोधनात कसं मोडतं?"

साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग चष्मा पुसून उत्तर लिहायला बसले.

*

कळ्या बांधायला शेजारच्या पिंगळी गावच्या बायका यायच्या. त्यांची म्होरकी गयाबाई, घरची मेंढरं सांभाळून येणारी. ती प्रत्येक कळीला दटावायची, "बस गं घरात, भाईर भुंगे फिरायलेत!"

साहेब तिला चिडवायचे, "गयाबाई, कापूस ऐकतो का तुझं?"

एका संध्याकाळी मी मागून गेलो, तर साहेबच कळीपाशी वाकून म्हणत होते, "बैठ जाओ, बेटी."

*

एकदा मजलिशीतले एक बुजुर्ग तपासणीला आले. शेतभर बांधलेले धागे पाहून त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि दुआ मागितली. दर्ग्याच्या जाळीला बांधतात तसे नवसाचे धागे वाटले त्यांना! जाताना त्यांनीही एक बांधला, तोही फुटलेल्या बोंडाला.

मी तो धागा सोडायला गेलो तर साहेबांनी हात धरला. "राहू दे. दुआ आहे ती."

आम्हाला वाटलं, आता मंजुरी खिशात!

*

कसली मंजुरी! पुढच्या हंगामात ऐन कळ्या लागायच्या वेळी हुकूम आला. संशोधन बंद, रोजंदारीची माणसं बंद. साहेबांनी बायकांना स्वतः जाऊन सांगितलं आणि मग माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

संध्याकाळी आम्ही दोघंच शेतात उतरलो. साहेबांनी बाजारातून रीळ आणलं होतं, पण हात चारच. अंधार पडेपर्यंत जेमतेम एक ओळ झाली. "बाकीच्या सकाळी उमलणार," साहेब एवढंच बोलले.

दुसऱ्या संध्याकाळी गेलो, तर बायका आधीच ओळींत वाकलेल्या! कळ्यांवर हिरवे, तांबडे, जांभळे धागे. गयाबाईच्या लुगड्याचा काठ वीतभर उसवलेला.

साहेब गडबडले. "गयाबाई, पैसे कुठून देऊ मी तुम्हाला? मंजुरी नाही ना आली."

तिनं दातानं धागा तोडला.

"आमी दिली की! तुमी ती कडंची ओळ धरा, सायेब."