परग्रहावरची काकी

हे आजवर मी घरातही बोललो नाही. माझ्या विज्ञानकथेतले परग्रहवासी मी कल्पनेतून आणले नव्हते. ते शिवाजी पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकीवरून घेतले होते. म्हैस पान्हा चोरायला लागली की लोक काकीला बोलवायचे. ती म्हशीच्या पोटाला हात लावून हलकं गुणगुणायची आणि म्हैस दूध सोडायची. कथेत तेच परग्रहवासीयांचं विज्ञान झालं. माणसांना मात्र ते चेटूक वाटतं. गोष्ट रंगावी म्हणून मी एक भर घातली. मनात आणलं तर ते दूध आटवूही शकतात.

कथा छापलेला दिवाळी अंक गल्लीत फिरला. "ही तर आपली काकीच की!" म्हणून आधी सगळे हसले. मग एकाची म्हैस आटली, आणि काकीला गोठ्यात बोलवणं बंद झालं.

तिनं मला दारातच गाठलं. "माझ्यावर लिवलंस व्हय रं?"

"न्हाय काकी, ते परग्रहावरचं हाय."

"मग त्यास्नी माझं गुणगुणणं कुणी शिकवलं?"

मी म्हणालो, "चहा घेतीस?"

काकी अजून आहे. दूध आटवायची गोष्ट माझ्या पदरची होती, हे मला संध्याकाळी म्हशी पिळतात त्या दूधकट्ट्यावर सगळ्यांसमोर सांगायचं राहिलं आहे.