नाव तेवढं सांगत नाही

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात माझ्या साडभाऊंइतका भला माणूस सापडणार नाही, आणि या भल्या माणसाचा माझ्याइतका राग दुसऱ्या कुणाला येत असेल असंही मला वाटत नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त होऊन मंगरूळपीरला आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं, चार शब्द सुनावले की आपण मोकळे. या माणसाला सुनावलं की तो तिथल्या तिथे डोळे मिटतो आणि माझ्याच डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "प्रभू, मास्तरले शांती द्या." आता उरलासुरला राग काढायचा कुणावर?

आमची दोन्ही घरं तशी बुद्धविहारात जाणारी. डेपोत कुणीतरी बायबलच्या नव्या कराराचं पुस्तक ठेवून गेलं. यांनी ग्रीसचे हात पुसायला ते उचललं. पान फाडण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते वाचायची यांना सवय, तीच नडली. त्या दिवशी हात तसेच राहिले आणि पुस्तक संपलं. ही हकिकत साडभाऊ 'साक्ष' म्हणून इतक्यांदा सांगतात, की झोपेतून उठवलं तरी मी ती न अडखळता देईन, आणि मी तर अजून विहारातलाच आहे.

तेव्हापासून प्रभू यांच्या घरचाच माणूस झाला. मोठमोठ्या संकटांपुरता असता तर मी काही म्हटलं नसतं. पण लुना सुरू होत नसली की साडभाऊ रस्त्यावर उकिडवे बसून प्लग पुसतात आणि तोंडानं चालू, "तुमी पाहूनच राह्यले न प्रभू, कालच तं पुसला होता मी." चष्मा हरवला, प्रभू. चष्मा डोक्यावरच सापडला, पुन्हा प्रभू. बाजारात भेंडी निवडताना प्रत्येक भेंडी उचलून क्षणभर थांबतात. माझ्या हातात पिशवी, डोक्यावर ऊन. एकदा मी चिडून म्हटलं, "देवाला काय भेंड्या निवडायचंच काम उरलं का?" तर म्हणाले, "त्याईनंच केली न भेंडी. त्याईले नाई समजन तं कोणाले समजन?" भाजीवालीही मान हलवायला लागली. मी पिशवी खाली ठेवली.

यांच्याबरोबर जेवायला बसणं ही तर शिक्षा आहे. एकदा शेतात रोडग्यांचं जेवण होतं. पानात गरम रोडगा, वर तुपाची धार, शेजारी वांग्याची भाजी. साडभाऊंनी डोळे मिटले. रोडगे भाजणाऱ्यासाठी आभार, गोवऱ्या आणणारीसाठी आभार, जिचं शेण त्या म्हशीसाठीसुद्धा आभार. त्यांनी डोळे उघडले तेव्हा वाढपी दोन वेळा फिरून गेले होते आणि माझं तूप थिजलं होतं. माझं का, तर मोठ्या साडूनं सुरुवात केल्याशिवाय धाकट्यानं घास घ्यायचा नाही, हे आमच्या सासुरवाडीचं वळण. म्हशीसाठी मी माझा रोडगा थंड केला, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

रिसोडच्या गाडीतही तेच. जागा मिळाली की, "आभार, प्रभू." मग एखादी लेकुरवाळी चढते, हे उठतात, तिला बसवतात आणि उठायला मिळालं म्हणून पुन्हा आभार. कधी म्हातारा, कधी गुडघे दुखणारी बाई. पाच वेळा बसून पाच वेळा उठलेला माणूस रिसोडपर्यंत उभ्यानं जातो आणि वर आनंदात असतो. रेशनच्या रांगेतही सगळ्यांना पुढं सोडून हे शेवटी. मी ओरडलो की म्हणायचे, "मले काय घाई हाये मास्तर? प्रभू संगंच हाये न."

हे सगळं मी चालवून घेतलं. पण प्रार्थनेच्या विषयांचं काय करायचं? दर रविवारी आसेगावला एका टिनाच्या शेडमध्ये यांची उपासना भरते. तिथं पाळकसाहेब विचारतात, "प्रार्थनेचे विषय कोणाचे हायेत?" मग एकेक जण उभा राहून घरच्या अडचणी सांगतो आणि सगळी मंडळी त्यासाठी प्रार्थना करते. पद्धत चांगली आहे. फक्त साडभाऊ स्वतःची अडचण कधीच सांगत नाहीत. हे दुसऱ्यांच्या सांगतात. माझी मूळव्याध मंडळीला माहीत आहे. माझा मुलगा गणितात दोनदा नापास झाला तेही माहीत आहे. आसेगावच्या अनोळखी बाया मला बाजारात थांबवून विचारतात, "मास्तर, आता बसता येते न?"

गेल्या वर्षी माझ्या गळ्याला गाठ आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. सोबत साडभाऊच होते. मी त्यांना बसस्टँडवर हात धरून बजावलं, की हे कुणालाही कळता कामा नये. विशेषतः माझ्या भावाला. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका लिंबाच्या झाडावरून आम्ही भाऊ चार वर्षं बोलत नव्हतो. आपल्या गळ्याशी आलं म्हणून मी नमलो, असं त्याला वाटायला नको होतं. साडभाऊ म्हणाले, "तुमचं नाव माह्या तोंडून निंघनार नाई." मी भोळा, विश्वास ठेवला.

रविवारी हे उभे राहिले. म्हणाले, "नाव तेवढं सांगत नाई. मानूस मंगरूळपीरचा हाये. मास्तर होता. गयाले गाठ हाये. माह्या साडू लागते. भावासंगं बोलत नाई, पन मनातून लय झुरते." मला एकुलता एक साडू, त्यांनाही एकच. वर नुकताच वर्गणीतून माईक आणलेला. आणि त्या शेडच्या मागेच माझ्या भावाचं घर.

संध्याकाळी भाऊ दारात उभा. चपलांना शेतातली माती तशीच. चार वर्षांनी पहिलं वाक्य बोलला, "काहून सांगतलं नाई बे?" आणि ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, पण माझं अर्धं रडणं रागाचं होतं. तसाच उठून साडभाऊंकडे गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. शेवटी ते म्हणाले, "पन नाव कुठं घेतलं मी?" त्यांना खरंच कळत नव्हतं आपलं काय चुकलं ते. आठवड्यानं रिपोर्ट आला, गाठ साधी निघाली. भाऊ सोबत आला होता. लिंबाखाली आता आम्ही दोघंही बसतो. तरी साडभाऊंशी मी महिनाभर धड बोललो नाही.

आणि आता खरा राग ऐका. परवा माझी मोठी साळी आमच्याकडे आली आणि बायकोच्या गळ्यात पडून रडू लागली. साडभाऊंच्या हृदयाच्या नसा बंद झाल्यात. वर्षापासून त्यांना माहीत आहे. गोळ्या खिशात घेऊन फिरतात. मला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा जिन्यावर हा माणूस दोनदा थांबला होता, आणि मी वरून म्हणालो होतो, "चला न लवकर, नंबर जाईल माझा." त्यांना भरती केल्यावर मी दवाखान्यात जाऊन विचारलं, जगाच्या मूळव्याधी माईकवर सांगता, मग हे का लपवलं? तर म्हणाले, "इतके लोक रांगेत हायेत, मास्तर. माह्यं कायले मंधात घुसवाचं? आन प्रभूले तं माईतच हाये." मला इतका संताप आला की मी त्यांचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर आलो.

आज रविवार. जन्मात पहिल्यांदा त्या शेडमध्ये गेलो. मागच्या सतरंजीवर बसलो. पाळकसाहेबांनी विषय विचारले. एकीची नणंद, एकाची विहीर, कुणाची परीक्षा. साडभाऊंचं कुणीच काही सांगेना, कारण त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. मी उठलो. कुणीतरी हातात माईक दिला.

"नाव तेवढं सांगत नाही," मी म्हणालो. "माणूस मंगरूळपीरचा आहे. एसटीत मेकॅनिक होता. परवा अकोल्याला ऑपरेशन आहे. आणि मला साडू एकच आहे."

मी माईक परत दिला. मंडळीनं डोळे मिटले. मला प्रार्थना येत नाही, म्हणून मी नुसता उभा राहिलो. मागच्या घरातून माझा भाऊ हात पुसत आला आणि शेडच्या दाराशी चपला काढून उभा राहिला. ती प्रार्थना साडभाऊंच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेपेक्षाही लांबली, आणि ती लवकर संपू नये असं मला वाटत होतं. माझा राग अजून आहेच. ते बरे होऊन आले की त्यांच्या तोंडावर सांगणार आहे.